भिजत घोंगडं

मी एक जुनी घोंगडी आहे, मित्रांनो. काळी, जाडीभरडी, अंगाला टोचणारी, आणि मधोमध हे एवढं मोठं भोक पडलेली. सध्या माझा मुक्काम सोलापुरात, होटगी रस्त्याकडच्या एका घरात, लोखंडी खाटेवर आहे. सोलापूर म्हटलं की जो तो चादरीचं नाव घेतो. आम्हाला कोण विचारतो! जाऊ द्या. या वयात रुसून बसायचंही त्राण उरलेलं नाही. दमले हो मी. पण तुम्ही आलाच आहात, तर बसा इथं माझ्यावर. थोडं टोचेल, पण बसा.

तुमच्या पुस्तकात माझ्या नावाचा एक वाक्प्रचार आहे, 'भिजत घोंगडे'. एखादं काम धड होत नाही, धड सुटत नाही, नुसतं रेंगाळत पडतं, तेव्हा लोक म्हणतात, त्याचं भिजत घोंगडं पडलंय. बाई त्याचा वाक्यात उपयोग करायला सांगतात आणि तुम्ही बिनदिक्कत करता. ही सरळ सरळ माझी बदनामी आहे. बरं, खोटी म्हणावी तर तसंही नाही. एकदा भिजले की मी लवकर वाळत नाही. पोटभर पाणी पिते, धोंड्यासारखी जड होते, आणि उन्हात टाकली तरी दुसऱ्या दिवशी हात लावून बघा, ओलीच. तर माझ्या या अवगुणाचीच गोष्ट मी सांगणार आहे.

माझा जन्म सांगोल्याकडच्या माळावरचा. तिथं केराबाई आणि येडू हे धनगर नवराबायको मेंढरं राखायचे. बिरुदेव हा त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा बारावीला होता. एका दुष्काळी उन्हाळ्यात, भर दुपारी, मेंढरांच्या वाड्याला लागून असलेली कडब्याची गंज पेटली. वाडा म्हणजे काय, तर वाळक्या काट्यांचं कुंपण. ते पेटायला कितीसा वेळ लागणार! येडू आत शिरला. एका बाजूचं कुंपण त्यानं हातांनी ओढून पाडलं आणि मेंढरं हाकून हाकून बाहेर काढली. बाहेर येऊन धापा टाकत उभा राहिला, तेवढ्यात आत एक कोकरू ओरडलं. केराबाई नको नको म्हणत असताना तो पुन्हा आत गेला. तो परत आलाच नाही.

पुढं मेंढरं कातरायची वेळ आली, तेव्हा केराबाईनं ती लोकर बाजाराला जाऊ दिली नाही. तिनं स्वतः पिंजली, स्वतः सूत काढलं. सूत काढताना कुणाशी बोलायची नाही. मंगळवेढ्याच्या गुरुबसप्पांनी मला मागावर विणलं, वरून चिंचोक्याची खळ लावली आणि ताणून उन्हात घातलं. मी अशी कडक झाले होते की कोपऱ्यात उभी केली असती तर उभी राहिले असते! पण सांगायचं ते वेगळंच. माझ्या अंगातला धागा न् धागा येडूनं आगीतून बाहेर काढलेला आहे, मित्रांनो. एवढं ध्यानात ठेवा.

बिरुदेव नौदलात भरती झाला, तेव्हा अख्खं गाव हबकलं. पोराला विहिरीत धड पोहता येत नाही आणि हा निघाला समुद्रावर! एकटी केराबाई खूश होती.

"पान्यात ऱ्हानार न्हवं का तू?" ती म्हणाली. "मंग लई चांगलं हाय. पान्यात आग तरी लागत न्हाय."

हसू नका मित्रांनो. जिचा नवरा आगीनं नेला, तिला चारी बाजूंनी पाणी म्हणजे केवढा दिलासा वाटला असेल. निघायच्या दिवशी तिनं मला त्याच्या हातात ठेवलं.

"ह्याला कदी भिजत ठिवू नगंस. लोकर कुजती. धुतलं की लगीच उन्हात टाकायचं," तिनं बजावलं. मग त्याचा हात धरून माझ्यावर टेकवला. "आता बिरोबाची आन घे. कुटं बी आग दिसली की पाट फिरवायची आन पळायचं. आत कोन बी असू दे, माघारी जायाचं न्हाय. तुजा बा गेला तसा तू बी गेलास, तर मी कुनाच्या तोंडाकडं बगू?"

बिरुदेवनं आण घेतली. त्याचा तळहात घामानं ओला झाला होता. मला तो अजून आठवतो.

"आन नोकरी सपली की ह्ये घोंगडं मला मागारी आणून दे," ती म्हणाली. "म्हातारपनी मी पांघरंन."

"व्हय आये. देतो की," तो म्हणाला.

मग आमची जहाजावरची वर्षं सुरू झाली. बदल्या होत होत शेवटी आम्ही ज्या जहाजावर आलो, ते पार थकलेलं होतं. त्याचं खरं नाव काही का असेना, खलाशी त्याला 'म्हातारी' म्हणायचे. आज पंप बंद, उद्या नळी फुटली, परवा आणखी काही. बिरुदेव इंजिनखोलीत कामाला होता. म्हातारीची दुखणी काढता काढता त्याची कंबर मोडायची. काम संपलं की येऊन माझ्यावर आडवा व्हायचा आणि बूट न काढताच झोपी जायचा.

त्याच्या जोडीला अझरुद्दीन होता. हा अस्सल सोलापूरचा. त्याच्या घरी गाद्या भरायचा धंदा, त्यामुळे माझ्याकडं तो जरा नाक वर करूनच बघायचा.

"क्या रे बिऱ्या, मेंढरू सोडलंस आणि त्याची कातडी घेऊन आलास काय जहाजावर?" तो म्हणायचा. "किती टोचतंय रे हे! अब्बाला सांगून तुला मस्त कापसाची गादी करून देतो. ये कायकू?"

"हात लावू नगंस मग," बिरुदेव म्हणायचा. पण थंडी वाजली की हाच अझरुद्दीन मला हळूच ओढून घ्यायचा. तेव्हा नाही बरं टोचायची मी!

म्हातारीला निवृत्त करायचं हे ठरलेलंच होतं. पण कधी? आज हुकूम येणार, उद्या येणार, आणि येऊन पोचायचा तो आणखी एका फेरीचाच हुकूम. आमचे साहेब नागपूरकडचे. ते वैतागून म्हणायचे, "या जहाजाचं नुसतं भिजत घोंगडं करून ठेवलंय!" असं म्हटलं की मराठी कळणारे बिरुदेवकडं बघून हसायचे. मी मुकाट ऐकून घ्यायची.

अशाच एका फेरीवर माझ्यावर काळं तेल सांडलं. बिरुदेवनं मला नहाणीघरातल्या टपात पाण्यात घातलं आणि साबण आणायला वळला. तेवढ्यात खालून हाक आली. पंप पुन्हा बंद पडला होता. तो गेला, राबला, वर आला आणि रिकाम्या खाटेवर तसाच झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच. आईनं सांगितलं होतं, भिजत ठेवू नकोस. पण दमलेल्या माणसाला सगळंच कुठं आठवतं? मी टपात फुगत पडले होते. माझी खळ सुटली, अंग बुळबुळीत झालं. साहेबांनी येता जाता मला पाहिलं आणि दारातच थांबून हसत सुटले.

"अरे, इथं तर खरंखुरं घोंगडं भिजत पडलंय!"

बाकीच्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून त्यांना या विनोदाचा अर्थ समजावून सांगण्यात आला. मग तेही हसले. लाजेनं मेल्यासारखं झालं मला.

त्याच दुपारी आग लागली.

जेवणं नुकती झाली होती. भोंगा वाजला, पाठोपाठ दिवे गेले, आणि जिन्यातून काळा धूर वर आला. इंजिनखोलीत कुठल्याशा जुन्या वायरीनं पेट घेतला होता आणि आग तेलापर्यंत पोचली होती. खालची माणसं खोकत खोकत वर आली. साहेबांनी डोकी मोजली. एक कमी भरलं.

"अझर!" बिरुदेव ओरडला. "अझर आतच हाय साहेब!"

जहाजावरच्या आगीचा एक नियम असतो, मित्रांनो. दार घट्ट लावायचं, आत गॅस सोडायचा आणि आगीचा श्वास कोंडायचा. पण आत माणूस असेल तर त्याचाही श्वास कोंडतो. आगीचे खास कपडे चढवलेली माणसं जहाजाच्या दुसऱ्या टोकाकडून धावत येत होती, पण आग त्यांच्यासाठी थांबायला तयार नव्हती. पलीकडच्या भिंतीला लागून इंधनाची टाकी होती. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "दार लावावं लागेल," ते म्हणाले. "सगळं जहाज जाईल नाहीतर." दाराचा दांडा बिरुदेवच्याच हातात होता.

बिरुदेवनं दांडा सोडला, आगीकडं पाठ केली आणि पळत सुटला. मी टपातून त्याला येताना बघत होते. मला वाटलं, बरं झालं बाबा. आण पाळलीस. आईकडं जा आता. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. मग तो नहाणीघराच्या दाराशी आला आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

क्षणभर तो तसाच थबकला. मग पुढं होऊन त्यानं मला टपातून उपसलं. केवढी जड झाले होते मी! माझ्यातून पाण्याचे लोट वाहत होते. मला डोक्यावरून ओढून तो आल्या वाटेनं माघारी धावला. साहेब "थांब!" म्हणून ओरडले, तोवर तो जिना उतरला होता.

आतलं काय सांगू? दिसत काहीच नव्हतं. नुसती धग आणि धूर. माझ्या वरच्या अंगातलं पाणी चर्र चर्र वाजत वाफ होऊन चाललं होतं, पण मी पाणी सोडते होय इतक्यात? ज्या चिवटपणासाठी जगानं मला नावं ठेवली, त्याच चिवटपणानं मी एकेक थेंब धरून ठेवला. अझरुद्दीन जिन्याच्या मागं पालथा पडला होता. बिरुदेवनं त्याला माझ्या निम्म्या भागाखाली घेतलं आणि ओढायला लागला. जिन्याशी आलो तेव्हा वरून काहीतरी जळतं धप्पकन माझ्या पाठीवर पडलं. मी ओली होते म्हणून भडकले नाही. चरचरत, धुमसत जळले. तेच हे भोक. त्याखाली अझरुद्दीनचं डोकं होतं. वरून साहेबांनी स्वतः हात घातला, माझं टोक पकडलं आणि दोघांना माझ्यासकट वर खेचलं. दार धाडकन लागलं, गॅस सुटला, आग विझली.

अझरुद्दीन बरेच दिवस दवाखान्यात होता. जीव वाचला, पण आवाज कायमचा बसला आणि खोकला त्याच्या मुक्कामाला आला. म्हातारीचा हुकूमही मग लगोलग आला. एका संध्याकाळी सूर्य मावळताना तिच्यावरचा झेंडा उतरवला. सगळे कडक उभे होते आणि सगळ्यांचे डोळे ओले होते. तिचं भिजत घोंगडं एकदाचं वाळलं. माझं मात्र तिथूनच सुरू झालं.

नोकरी संपवून बिरुदेव सोलापूरला आला. एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करू लागला. ऋतुजाशी लग्न झालेलं होतंच, घर थाटलं. अझरुद्दीननं गावात चादरी-टॉवेलचं दुकान टाकलं. आणि मी? मी माळ्यावर, पोत्यात. केराबाई गावाकडं मेंढरांपाशीच होती. ती फोन करायची आणि पहिलं हेच विचारायची, "बिरू, माजं घोंगडं कवा आनतूस?"

काय सांगणार बिचारा? आण मोडली म्हणून सांगणार? जिथं तुला वाटलं आग लागतच नाही, तिथं मी आगीत शिरलो म्हणून सांगणार? त्याच्या तोंडून निघून गेलं, "धुतलंय आये. अजून भिजलेलंच हाय. वाळलं की आनतो."

पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. सोलापूरच्या उन्हात, मित्रांनो! जिथं अंगणात वाळत घातलेल्या पापडाला तासभरही लागत नाही, तिथं मी वर्षानुवर्षं भिजलेली! ऋतुजा म्हणायची, "अहो, द्या की एकदा नेऊन. किती दिवस भिजवणार?" तो नुसता मान खाली घालायचा. कधी कुणी घरी नसलं की मला खाली काढायचा, भोकाच्या काठावरून बोट फिरवायचा आणि पुन्हा पोत्यात कोंबायचा. आईनं बोलणं टाकलं तर काय करू, एवढीच त्याला धास्ती होती. त्या माणसाला आगीनं जेवढं दमवलं नव्हतं, तेवढं या एका थापेनं दमवलं. आणि मलाही.

मग गेल्या थंडीत केराबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. बिरुदेव तिला सोलापूरला घेऊन आला. ऑपरेशन नीट झालं. घरी आणून तिला याच खाटेवर निजवलं, डोळ्याला पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं तसंही धूसरच दिसत होतं. दुपार होती, पण केराबाईला हुडहुडी भरली.

"बिरू, थंडी वाजतीया रं. माजं घोंगडं आन. आता तरी वाळलं आसंल की."

ऋतुजा चहा ठेवता ठेवता थांबली. बिरुदेव उठला. माळ्यावर चढला, मला काढलं, झटकलं, आणि भोक आतल्या घडीत जाईल अशी चौघडी करून आईच्या अंगावर घातलं.

केराबाईनं आधी माझ्यावरून हात फिरवला. किती वर्षांनी तो हात लागला! मग मला नाकाशी नेलं. मग तिची बोटं घड्या उलगडत उलगडत आत आली आणि भोकाच्या काठाशी येऊन थांबली.

"ह्ये काय रं?"

"उंदरानं कुरतडलं आये," बिरुदेव म्हणाला.

नेमका तेव्हाच अझरुद्दीन दारात उभा होता. अम्माच्या डोळ्याचं कळलं म्हणून डब्यात शिरखुर्मा घेऊन आला होता. ते शब्द त्याच्या कानावर पडले आणि त्याचा चेहराच उतरला.

"उंदीर?" तो बसक्या आवाजात म्हणाला. "मी उंदीर काय रे बिऱ्या?"

अझरुद्दीनला खोकल्याची उबळ आली. तो भिंतीला धरून खोकत राहिला आणि केराबाई त्याच्या खोकल्याच्या दिशेनं तोंड करून ऐकत राहिली.

"धुराचा खोकला हाय ह्यो," ती हळूच म्हणाली. "कोन हाईस बाबा तू?"

"अझर, अम्मा. बिऱ्याच्या जहाजावरचा." त्यानं डबा खाली ठेवला. "आग लागली होती. मैं अंदर था. हा आला मला न्यायला, हेच घोंगडं घेऊन."

केराबाईचा हात माझ्यावर घट्ट आवळला. "बिरू," ती म्हणाली. एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं, असा तो आवाज होता.

बिरुदेव खाटेशी खाली बसला. एवढा मोठा माणूस, पण लहान पोरासारखा हुंदके देऊन बोलायला लागला. "पाट फिरवली हुती आये. खरंच फिरवली हुती. पळालो बी. पर मी घोंगडं भिजत ठिवलं हुतं. तू नगं म्हनली हुतीस तरी ठिवलं हुतं. ते समोर दिसलं आन... मला ऱ्हावलं न्हाय. तुजी आन मोडली मी."

केराबाईचं बोट भोकाच्या काठावरून गोल गोल फिरत होतं. चहा उतू गेला तरी ऋतुजाला भान नव्हतं.

"भिजत ठिवलं हुतंस?" शेवटी तिनं विचारलं.

"व्हय."

"बरं केलंस बाबा." तिच्या पट्टीखालून पाणी गालावर आलं. "तुजा बा आत गेला तवा माज्या बी खांद्यावर घोंगडं हुतं. पर कोरडं हुतं रं. घागरीत वाटीभर पानी न्हवतं. मी त्ये कोरडं घोंगडं घिऊन नुसती हुबी ऱ्हायले."

मित्रांनो, मी तिच्या हाताखालचं सूत, तिच्या मेंढरांची लोकर. पण ती आयुष्यभर हे मनात घेऊन जगत होती, हे मलाही ठाऊक नव्हतं. त्याचंही तिनं असंच भिजत घोंगडं घालून ठेवलं होतं.

मग तिनं अझरुद्दीनला जवळ बोलावलं. त्याच्या तोंडावरून, डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "येडूनं काडलेली लोकर हाय ही," ती त्याला म्हणाली. "तुला बी त्यानंच काडलं म्हन की."

"हौ अम्मा," अझरुद्दीन म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. "पर टोचती लई."

तेव्हा कुठं ती हसली. पोटभर, बोळक्या तोंडानं. बिरुदेवही हसला, रडता रडता. त्या दुपारी तो तिच्या पायाशी जमिनीवरच झोपला, आणि आगीनंतर पहिल्यांदा मी त्याला गाढ झोपलेला पाहिला.

आता मी रोज केराबाईच्या अंगावर असते. डोळा बरा झाला, तरी ती गावाकडं जायचं नाव काढत नाही. ऋतुजानं एकदा विचारलं, हे भोक रफू करून आणू का? तर म्हातारी म्हणाली, "नगं. तितनं मानूस भायेर आलाय."

मित्रांनो, माझी तुमच्याकडं एकच मागणी आहे. घरात एखादी जुनी घोंगडी असेल तर तिला पोत्यात कोंबू नका. धुवा, पिळू नका, चांगलं खणखणीत ऊन दाखवा. आणि मनात काही भिजत पडलं असेल, तर तेही वेळेवर बाहेर काढा. ऐकणारं माणूस समोर आहे तोवरच सांगून टाका. उठा आता, मला उचला. केराबाईला थंडी वाजायची वेळ झाली.